अंबाड्यातला मोजा

मी मुलांच्या दवाखान्यातला, उंची मोजायचा खांब बोलतोय. पाठीला भिंत, अंगावर आकडे आणि वरखाली सरकणारी एक आडवी पट्टी, एवढाच माझा संसार. पट्टी पोराच्या डोक्यावर टेकते, तेव्हा बाजूला उभा असलेला बाप स्वतःच मान ताणतो. अरे बाबा, तुला कोण मोजतंय!

आत्याकडे वाढणारी एक मुलगी यायची. शाळेत तिला 'बटण' म्हणत. सगळ्या तपासण्या झाल्या, पण ती का वाढत नाही ते कळेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी वाढीचं इंजेक्शन सुरू केलं. आत्या ते घरीच टोचायची.

पुढच्या खेपेला बटण आली ती डोक्यावर हा भला मोठा अंबाडा घेऊन. नर्सनं घाईत पट्टी टेकवली, आकडा आत ओरडून सांगितला. "छान! डोस आहे तोच ठेवू," बाई म्हणाल्या. आत्यानं बटणाला हळूच डोळा मारला.

त्यानंतरच्या खेपेला अंबाडा आणखी फुगला. या वेळी मात्र बाई स्वतः बाहेर आल्या.

"रक्ताचा रिपोर्ट म्हणतो औषध कमी पडतंय, आणि खांब म्हणतो पोरगी वाढतेय. खांबच बिघडलाय. काढून टाका तो."

माझं धाबंच दणाणलं! इतकी वर्षं ताठ उभा राहिलो, ते यासाठी?

"खांबाला नका काढू," बटण रडवेली झाली. "आत्या, सांग ना गं!"

आत्याचा हात झटकन बटणाच्या अंबाड्यावर गेला.

बाईंच्या लक्षात आलं. "केस सोडा हिचे," त्या नर्सला म्हणाल्या, "आणि नीट मोजा!"

नर्सनं पिना काढल्या, आणि टप्पकन खाली पडला तोही मोजाच. पायातला, लोकरीचा.

"कमी भरली तर नापास करून इंजेक्शन बंद कराल, असं वाटलं हो," आत्या पुटपुटली. "तेवढीच आशा आहे पोरीला."

"अहो आत्याबाई, वजन बघून ठरवलेला डोस हा आपला अंदाज. एकाला पुरतो, दुसऱ्याला नाही. हिला किती लागतो ते हिचं अंग सांगणार होतं. तुम्ही त्याच्याच तोंडात मोजा कोंबलात!"

पट्टी खऱ्या डोक्यावर टेकली. आकडा जेमतेम हलला होता. बटणाचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी डोस थोडा वाढवला. "वचन देत नाही हं. पुन्हा तपासू, पुन्हा मोजू."

परवा बटण मोकळ्या केसांनी आली. आकडा ऐकून म्हणाली, "परत मोजा." परत तोच. वाढली होती! फार नाही, बोटाच्या पेराएवढी. पण सगळी तिची स्वतःची.

आता माझा रंग उडालाय, पट्टी कुरकुरते. तरी पोरांनो, या माझ्याकडे, आहात तेवढेच या. कमी भरलात तर नापास तुम्ही नाही, औषधाचं माप. ते बदलता येतं.