सत्तेचाळीस नंबरचा अंगठा

मधोमध आरपार भोक, आणि भोकाच्या एका अंगाला तो खळगा... बाईंचा अंगठा पिशवीतल्या पिशवीत, रुमालाच्या घडीतून वाट काढत पुन्हा तिथेच जाऊन बसला. बसला म्हणजे नीट बसला नाही. खळगा त्यांच्या अंगठ्याहून मोठा होता. सरोवराच्या काठी राहणाऱ्या कुणा थोराड हाताच्या माणसानं जाळ्याला बांधायचं हे वजन वळलं होतं, आणि माती ओली असतानाच — भोक पाडताना धरायला म्हणून असेल, की उगीच — अंगठा दाबला होता. किती वर्षं झाली असतील, कुणी सांगू शकत नव्हतं. लिंबाएवढा भाजक्या मातीचा गोळा. त्याचं ओझं ते काय! पण सकाळपासून पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता.

"ताई, मघापासून काय चाळवते आहेस पिशवीत? गोळ्या राहिल्या का घरी?" धाकट्या बहिणीनं विचारलं.

"काही नाही. तू होडी बघ."

"बघितली. लांब आहे."

होडी खरंच लांब होती, आणि सरोवराच्या काठी जुन्या नावाड्याच्या घरात केलेल्या या संग्रहालयात तिच्याशिवाय फारसं काही मावतही नव्हतं. राखणदार म्हणजे तो म्हातारा नावाडीच. काचेच्या पेटीवर जेवणाचा डबा ठेवून तो ऐटीत उभा होता, आणि होडीचा तळ कसा सांधतात ते तिसऱ्यांदा सांगत होता. बाई मान हलवत होत्या. डब्याच्या खाली, काचेतून, एक गळ आणि दोन वल्ह्यांच्या कड्या दिसत होत्या, त्यांच्यावर धूळ. हे वजन इथे द्यावं का? माणूस भला आहे, आपल्या वस्तूंवर जीव आहे त्याचा... बाईंनी मनातल्या मनात त्याला गुण देऊन पाहिले, शंभरातले पंचावन्न, मग डबा आठवून पन्नास, मग भलेपणासाठी पुन्हा पंचावन्न.

शाळेतली ती खोली रिकामी करायची होती. ग्रंथालयाच्या मागची, एक खिडकी आणि दोन कपाटं असलेली खोली. तिला 'शाळेचं संग्रहालय' असं नाव बाईंनीच दिलं होतं आणि चाळीस वर्षं त्यांनीच ते चालवलं होतं, निवृत्तीनंतरही, दर गुरुवारी जाऊन. आता तिथे संगणक यायचे होते. नव्या हेडबाई फार गोड बोलल्या होत्या, बाईंना खुर्ची दिली होती, आणि गोड बोलून झाल्यावर कुलपाची किल्ली मागितली होती. दोनशे बारा वस्तू. दोनशे अकरांची सोय तीन आठवड्यांत लागली. उरली ही एक, नंबर सत्तेचाळीस.

आणि त्याच आठवड्यात टिटवीचं पत्र आलं होतं.

खरं नाव वेगळं. टिटवी हे बाईंनी ठेवलेलं. वर्गात कुणाचं काही चुकलं की ही मुलगी पाण्यावरून उडाल्यासारखी ओरडायची, म्हणून. ती आता सरोवराच्या पलीकडच्या काठावर संग्रहालय चालवते, वर्तमानपत्रात फोटो येतो तिचा, मुलांच्या सहली लांबून लांबून तिथे जातात. "बाई, सत्तेचाळीस आम्हाला द्याल का? आमच्याकडे जाळ्याची वजनं छत्तीस आहेत, पण अंगठा एकावरही नाही." एवढंच. नंबरसुद्धा पाठ! बाईंनी पत्र दोनदा वाचून घरातल्या साखरेच्या डब्याखाली ठेवलं, उत्तर लिहिलं नाही, आणि दोन दिवसांनी बहिणीला फोन केला की चल, सरोवराच्या काठची सगळी संग्रहालयं एका दिवसात बघून येऊ. बघायचं आणि निःपक्षपातीपणानं ठरवायचं. पेपर तपासताना त्या नेहमी नावाचा कोपरा दुमडून घ्यायच्या, कुणाचा पेपर आहे ते कळू नये म्हणून... टिटवीचं अक्षर तरी कळायचंच. ते कसं दुमडणार?

दुसरं संग्रहालय पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. त्याची किल्ली खाली शिंप्याकडे. त्यानं मशीनवरून न उठता ती पुढे केली. "वर जाताना वाकून जा, डोकं आपटतं. बघून झालं की पंखा बंद करा."

"लोक येतात का हो बघायला?" बाईंनी विचारलं.

"येतात की. तुम्ही आलात."

वर एक पेंढा भरलेलं पाणमांजर होतं, त्याचा एक डोळा गळून पडलेला; हवेचा दाब सांगणारं एक बंद यंत्र; लव्हाळ्याच्या चटया; आणि एका ताटलीत मातीची तीन वजनं, खाली चिठ्ठी, 'मोठे मणी असावेत'. बहीण हसली. बाईंना हसू आलं नाही. मणी म्हणे! लिंबाएवढे मणी कुणी गळ्यात घालील का? जाऊन शिंप्याला सांगावं... आणि त्याच वेळी त्यांच्या मनात एक विचार हळूच आत आला आणि बसून राहिला — की इथे ठेवावं. या ताटलीत, पाणमांजराच्या फुटक्या डोळ्यासमोर. इथे कुणी येणार नाही, कुणी हात लावणार नाही, कुणी काही विचारणार नाही. सुरक्षित राहील.

कुणापासून गं सुरक्षित?

त्यांनी पंखा बंद केला. जिन्यात डोकं आपटलं.

बस सरोवराला वळसा घालून चालली होती. बहिणीनं पोळीची गुंडाळी काढली, अर्धी बाईंना दिली. पाणी एकदा डावीकडे दिसायचं, एकदा झाडांमागे जायचं. ...शाळेत तेव्हा नंबर घालायचे म्हणजे बोरूनं, काळ्या शाईनं, वस्तूच्या अंगावर. लहान अक्षरात आणि जिथे सगळ्यात गुळगुळीत जागा सापडेल तिथे, म्हणजे शाई पसरत नाही. वजनाचा सगळा पृष्ठभाग खरबरीत होता, फक्त तो एक खळगा गुळगुळीत. वाटलं, टवका उडाला आहे. म्हणून त्यांनी खळग्यात, वळणदार, '४७' लिहिलं, आणि चिठ्ठीवर लिहिलं 'किंचित खराब'. चार वर्षं ते तसं होतं. चार वर्षं बाई दर वर्गाला कपाटापुढे उभं करून सांगायच्या — हाताची घडी, तोंडावर बोट, बघायचं ते डोळ्यांनी. मग एका दिवशी, दहा वर्षांची ती टिटवी, घडी सोडून, बोट काढून, आख्ख्या वर्गासमोर ओरडली :

"बाई, तुम्ही त्याच्या अंगठ्यावर लिहिलंय!"

वर्ग हसला. का हसला? मुलांना हसायला कारण लागत नाही. पण बाईंनी काचेतून पाहिलं, चष्मा पुढे सरकवून पाहिलं, आणि त्यांना दिसलं — चाराच्या गाठीतून आणि साताच्या शेपटीखालून जाणाऱ्या बारीक बारीक रेषा, एकात एक वळणाऱ्या, कुणा माणसाच्या. कच्च्या भाजणीच्या मातीत शाई खोल मुरते. ती खरवडायची तर रेषाही जाणार. "बस खाली," त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बदलली होती — 'कारागिराच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट'. कुणी दाखवला ते लिहिलं नव्हतं. चिठ्ठीत तेवढी जागा नसते.

मी तिचा द्वेष केला का? छे! मुलांचा कुणी द्वेष करतं का? तिला वह्या दिल्या मी, वक्तृत्वाला पाठवलं, बक्षीस मिळालं तेव्हा पाठ थोपटली... थोपटताना हात जरा जोरात पडायचा, एवढंच. आणि पुढे जिथे जिथे तिचं नाव छापून आलं तिथे तिथे पोटात कुठेतरी, बेंबीच्या वर, ते आख्खं लिंबू येऊन बसायचं. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याकडून हरण्यात आनंद असतो म्हणतात. म्हणणारे कधी वर्गासमोर हरलेले नसावेत.

"ताई, खा ना. का नुसती धरून बसलीस?"

तिसरं संग्रहालय जुन्या मासळीबाजाराच्या शेडमध्ये होतं. दार उघडताच आवाज अंगावर आला, शाळेची सहल. संग्रहालयात आवाज! आणि काच कुठेच नाही. बुटकी टेबलं, मुलांच्या कमरेला लागतील एवढी, आणि त्यांवर सगळं उघडं मांडलेलं — सुया, गळ, टोपल्या, वजनं — आणि मुलांचे हात त्यांत, वीस-पंचवीस हात. फुटलं तर? आणि त्याच दमात, फुटावं काहीतरी, एखादं तरी, आत्ता, माझ्यादेखत...

"बाई!"

टिटवी धावत आली. केस पिकले होते तिचेही, आवाज तोच. वाकली, हात धरला, सोडेचना. "किती बारीक झालात! कळवलं का नाही? मी बसथांब्यावर आले असते. आणि या मावशी ना? तुमच्या डोळ्यांवरून ओळखलं."

"हिनंच आणलं मला ओढत," बहीण म्हणाली. "सकाळपासून तिसरं संग्रहालय. एक वजन बघितलं की सगळी बघितली, पण ऐकेल तर ना. आणि शिवाय ताईच्या पिशवीत —"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पन्नास मुलांचा वर्ग गप्प करणारी नजर होती ती.

टिटवीनं पिशवीकडे पाहिलं नाही. पत्राचा विषय काढला नाही. रागावली असती, आठवण करून दिली असती, निदान डोळ्यांनी तरी मागितलं असतं, तर 'नाही' म्हणणं किती सोपं झालं असतं! ती नुसती दाखवत सुटली. वस्तूंना दोऱ्यानं बांधलेल्या कागदी चिठ्ठ्या होत्या, त्यांवर पेन्सिलीनं नंबर. "अंगावर लिहायचं नाही, हा आमचा पहिला नियम," ती सहज म्हणाली. सहज? बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी टिटवीच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, चष्मा पुसून पुन्हा शोधला. सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं...

कारण ती विसरली होती. तो ओरडा, ते हसू, ते 'बस खाली' — जे मी तीस वर्षं जपून ठेवलं, कुलपात, नंबर घालून — ते तिच्याकडे नव्हतंच. माणसाला एवढंही हलकं असता येतं? बाईंना तिच्या शेडचा हेवा वाटत नव्हता आता, मुलांचा नाही, फोटोचा नाही. त्या विसरण्याचा वाटत होता.

"चला, गोल करा!" टिटवी टाळी वाजवून म्हणाली. मुलं वजनांच्या टेबलाभोवती जमली. "आज कोण आलंय माहितीये? माझ्या बाई. बघायला मला यांनी शिकवलं. आमच्या शाळेच्या कपाटात असंच एक वजन होतं. मी तुमच्याएवढी होते. एकदा शाळा सुटल्यावर बाईंनी कुलूप काढलं, वजन माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, डोळे मीट, आणि कोण भेटतंय ते सांग."

बाईंनी पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला.

मी? मी तर कुणाला हात लावू दिला नाही कधी. हाताची घडी, तोंडावर बोट... ही दुसऱ्याच कुणाची गोष्ट माझ्या नावावर घालते आहे. दया करते आहे माझ्यावर, लोकांसमोर. की खरंच असं आठवतं तिला? एक मुलगी बाईंकडे बघून हसली. बाई कसनुशा हसल्या. खोट्या शाबासकीइतकं काही झोंबत नाही, हे त्यांना तरी कुणी शिकवायला नको होतं.

"काय, बाई? असंच म्हणाला होतात ना?"

"बघू," बाई म्हणाल्या. "पुढे सांग तू."

"एकेक वजन उचला. आता डोळे मिटा. सगळ्यांनी. मोठ्यांनीसुद्धा हं!"

वीस-पंचवीस डोळ्यांच्या जोड्या मिटल्या. शेड एकदम शांत झाली. पाण्याचा आवाज आत आला. बाईंनी डोळे मिटले आणि हात पिशवीत गेला, रुमालातून आत, थेट. खरबरीत, खरबरीत, भोकाची कड, मग तो खळगा. त्यांनी अंगठा टेकवला आणि सवयीनं '४७' ची वाट पाहिली.

ते नव्हतं.

शाई बोटाला लागत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी हे वजन डोळे मिटून कधी धरलंच नव्हतं. सकाळपासून पिशवीत चाचपडतानाही मनात आधी नंबर दिसत होता आणि मग अंगठा. आता फक्त रेषा होत्या, एकात एक वळणाऱ्या, कुणा मोठ्या हाताच्या... आणि आणखी काहीतरी. शाळा सुटल्यानंतरची खोली. तिरपं ऊन. कपाटाला टेकून एक मुलगी उभी, रडून नाक लाल झालेलं, घरी जात नाही. किल्लीचा आवाज. कुणीतरी म्हणतं आहे, डोळे मीट. कुणाचा आवाज तो? माझा? म्हणजे झालं होतं असं? 'बस खाली' नंतर, त्याच संध्याकाळी? की आत्ता, हिनं सांगितलं म्हणून, मला ते हवंसं वाटतं आहे, आणि मन लबाडपणे चिठ्ठी बदलून ठेवतं आहे, पूर्वी एकदा ठेवली होती तशी?

"हां, उघडा आता," टिटवीचा आवाज आला. मुलांचा गलका झाला, मला सुतळी भेटली, मला भोक भेटलं, मला काहीच नाही. बाईंनी डोळे उघडले नाहीत. खळग्यात अंगठा तसाच होता, आणि पोटातलं लिंबू... तेही होतंच, पण ते नेमकं कुणी वळलं होतं, ते त्या चाचपून बघत होत्या.