चौकटीतले नऊ ठिपके

सहाशेबाराव्या चित्रावर वीज गेली आणि नेत्राने कपाळावर हात मारून घेतला. या महिन्यातली ही चौथी खेप. खाली भाड्याने दिलेल्या पाचही खोल्यांतल्या पर्यटकांनी एकदम एसी लावले होते, आणि तिचा नवरा प्रफुल्ल मीटरजवळ उभा राहून फ्यूजवर खेकसत होता, जणू अपराध फ्यूजचाच.

नेत्रा मुरूडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. नऊ वर्षं तिच्या पीएच.डी.चं घोंगडं भिजत पडलं होतं. प्रश्न एवढाच, की अमुक एका दूरच्या क्वेसारमधून, म्हणजे दीर्घिकेच्या लखलखत्या गाभ्यातून, क्ष-किरणांचा झोत निघतो की नाही. दुर्बिणीच्या चित्रात मधे झगझगीत गोळा होता आणि कडेला आखलेल्या चौकटीत जेमतेम नऊ ठिपके. अब्जावधी वर्षं चालत आलेले नऊ किरणकण. पण ठिपके असे उगाचही पडतात. म्हणून संगणकाने झोत नसलेली हजार खोटी चित्रं काढायची आणि त्यांतल्या किती चित्रांत ठरलेल्या चौकटीत नऊ किंवा जास्त ठिपके येतात ते मोजायचं. दहापेक्षा कमी चित्रांत आले, तर झोत खरा. चौकट तिने ठिपके बघायच्या आधीच, रेडिओ दुर्बिणीच्या चित्रावरून आखली होती. झोत निघाला तरच प्रबंधाला अर्थ, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, आणि मुदत महिनाअखेर संपत होती.

वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री ती प्रफुल्लला नको नको ते बोलली. त्याने ऐकून घेतलं.

पुढच्या शनिवार-रविवारी मात्र वीज क्षणभरही गेली नाही. नेत्राने मनातल्या मनात वीजमंडळाचे आभार मानले. सोमवारी सकाळी आकडा आला. हजारात चौऱ्याऐंशी. हवे होते दहाच्या आत.

तिने सरांना फोन केला. सर म्हणाले, चौकट जराशी डावीकडे सरकव, आणखी दोन ठिपके आत येतील. नेत्राचं डोकंच फिरलं.

"सर, ठिपके बघूनच चौकट आखायची, तर हजार चित्रं काढली कशाला?"

विचार कर, म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिने विचार केला नाही. शेवटच्या पानावर 'झोत आढळला नाही' असं लिहून प्रबंध पाठवून दिला. मग तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

ती खाली आली. पाचही खोल्या उघड्या, चादरींच्या घड्या मोडलेल्या नाहीत. फाटकावर पाटी होती, 'खोल्या शिल्लक नाहीत'. प्रफुल्ल पायरीवर चहा पीत होता.

"पाहुणे कुठे गेले?"

"परत धाडले. दोन दिस तुझी चित्रं व्हायची व्हती ना. गावला का झोत?"

"नाही."

"म्हंजे परत वीज गेली?"

"वीज छान होती हो. झोतच नाही तिथे. तसं लिहून पाठवलं."

त्याने कप पायरीवर ठेवला. मग पाटी काढायला उठला.

"राहू द्या," नेत्रा म्हणाली. "आजचा दिवस राहू द्या."

तो परत बसला, आणि अर्धा चहा त्याने तिच्यासाठी बशीत ओतला.