कानामागची खाच

ब्यूटी पार्लरमधल्या बाईंनी हात टेकले, तेव्हा भिंगरी खुर्चीखाली शिरून बसली होती आणि गळ्याभोवतीचा कपडा तिने डोक्यावर ओढून घेतला होता.

"ताई, मी भल्याभल्या नववधूंचे नखरे पुरवलेत," बाई कात्री खाली ठेवत म्हणाल्या, "पण हिच्यापुढे शरण. घरी न्या हिला."

घरी न्या, म्हणजे गाडी पुन्हा मूळ पदावर. भिंगरीच्या कपाळावरचे केस आता नाकापर्यंत उतरले होते. शाळेतल्या बाई म्हणत, मुलगी फळ्यावरचं वाचत नाही, अंदाजाने लिहिते. पिना लावाव्यात, तर ती उपटून टाकायची. बापाने सायकल कबूल केली. सायकल नको, असं तिने शांतपणे सांगितल्यावर तोच हबकला. आणि आदल्या दिवशी तर ती धावता धावता दाराच्या चौकटीवर आपटून कपाळाला भलंमोठं टेंगूळ घेऊन आली होती.

तिच्या केसांना आजवर एकाच माणसाची कात्री लागली होती, आणि तो माणूस आता नव्हता. अप्पा, भिंगरीच्या आईचे वडील, जाऊन अडीच महिने झाले होते.

अप्पांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे गिऱ्हाइकांसाठी बाकडं. एक खुर्ची अप्पांची, दुसरी त्यांच्या जोडीदाराची. त्यांना सगळं जग काका म्हणे. नातीचे केस वाढले की अप्पा तिला दुकानात नेत, खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्यावर तिला बसवत आणि दाराचा पडदा ओढून घेत. आईबापांना आत प्रवेश नसे. "तुम्ही समोर असलात की मूल रडायची सोय बघतं," असं अप्पांचं म्हणणं.

भिंगरीची आई ग्रंथालयात कामाला होती. लहानपणी ती दुकानातल्या बाकड्यावर जुने अंक वाचत बसायची, म्हणून अप्पांनी तिला शहाणी म्हणायला सुरुवात केली आणि दुकानात तेच नाव चिकटलं. दुःखावरची पुस्तकं तिने आजवर पुष्कळांना कपाटातून काढून दिली होती. या अडीच महिन्यांत स्वतः मात्र त्यातलं एकही उघडलं नव्हतं.

अप्पांची एक गोष्ट घरीदारी चेष्टेचा विषय होती. दुसऱ्यांची डोकी इतकी सुबक करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या उजव्या कानामागे गेली काही वर्षं कायम बोटभर खाच असायची. आपलं डोकं आपल्याला कापता येत नाही, तेव्हा अप्पांचे केस काका कापत. त्यामुळे सगळा दोष काकांच्या नजरेकडे जाई.

"अप्पा, डोकं काय उंदराला दिलं होतं?" एखादं गिऱ्हाईक विचारायचं.

"दिलं होतं. बरा कापतो. मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवून कापतो."

शेवटी शहाणीनेच पुढाकार घेतला. काकांना धरून डोळे तपासायला नेलं आणि चांगला भारीतला चष्मा करून दिला. काकांनी तो निमूट नाकावर चढवला. खाच जिथल्या तिथे राहिली. शेवटच्या आजारपणात अप्पांचे केस विंचरताना तिचा कंगवा तिथे अडखळायचा, आणि तिला काकांचा थोडा रागही यायचा.

अप्पा गेल्यापासून ती दुकानाची पायरी चढली नव्हती. पण पार्लरमधून निघाल्यावर भिंगरीचं टेंगूळ पाहून तिने मन घट्ट केलं आणि मोर्चा तिकडे वळवला.

"ये, शहाणे," काका म्हणाले. ती हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. शहाणीला थोडा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं लागलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पांच्या खुर्चीवर धुतलेली चादर घातलेली होती. काकांनी आपल्या खुर्चीवर टाकलेल्या फळीवर भिंगरी आपणहून चढून बसली, तेव्हा शहाणीचा जीव भांड्यात पडला. पण काकांनी कात्री उचलली मात्र, पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"काकाआजोबांकडून नाही."

"का गं? मी चावतो का?"

"तुम्हाला केसच नाहीत."

काकांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "हे मात्र खरं. इथे माझा इलाज खुंटला."

"केस नसण्याचा काय संबंध?" शहाणी वैतागली. "कापता तर येतात ना त्यांना!"

"आधी माझी पाळी असते," भिंगरी म्हणाली. "मग अप्पाआजोबांची."

"कसली पाळी?"

भिंगरीने ओठ मिटले आणि काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "सांगू या का गं हिला? तुझी आईच आहे झालं." भिंगरीने बराच विचार करून मान हलवली.

"पहिल्या खेपेला ही अशीच किंचाळली," काका म्हणाले. "तुझ्या बापाने काय करावं? हिच्या गळ्यातला कपडा सोडला, स्वतःच्या गळ्यात बांधला, हिच्यापुढे उकिडवा बसला आणि कात्री दिली हिच्या हातात. म्हणाला, आधी तू माझे काप. दुखलं तर मी ओरडेन, मग तू बसू नकोस. हिने कानामागची एक बट उडवली. तो काही ओरडला नाही. मग बसली बाईसाहेब. तेव्हापासून दर वेळी तेच. मी तासभर खपून त्याचं डोकं नीट करायचो, आणि ही येऊन घास घ्यायची."

"अहो, मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला चष्मा लावला!"

"चष्मा झकास आहे. पेपर स्वच्छ दिसतो." काकांनी तो परत चढवला. "त्यानेच गप्प राहायला सांगितलं होतं. मोठी माणसं हसतील, म्हणाला, मग पोर पुन्हा कात्री धरायची नाही. आणि हे काय हिच्यापासूनचं आहे? तूही कापायचीस."

"मी?"

"तुझा हात तर भलता जड. एकदा पुढचे केस मुळापासून उडवलेस त्याचे. किती दिवस टोपी घालून काम केलं बिचाऱ्याने."

शहाणीने आठवून पाहिलं. फळी आठवली. मानेवर फिरणारा मऊ ब्रश आठवला, पावडरचा वास आठवला. कात्री काही आठवेना. मग घरातल्या भिंतीवरचा फोटो डोळ्यांपुढे आला: तीन-चार वर्षांची ती, आणि तिला कडेवर घेतलेले अप्पा. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, समोर लख्ख ऊन, आणि डोक्यावर लोकरीची टोपी. तो फोटो ती जन्मभर पाहत आली होती.

आपल्याला काय काय मिळालं, ते सगळं आठवतंच असं नाही, तिच्या मनात आलं. पण मिळालेलं असतं.

तिने अप्पांच्या खुर्चीवरची चादर काढून घडी घातली आणि खुर्चीत बसली. "बांधा, काका."

"उद्या कामावर जायचंय तुला," काका म्हणाले.

"बांधा हो."

काकांनी कपडा बांधला. भिंगरी फळीवरून उतरून मागे येऊन उभी राहिली. "हलू नकोस हं. हललीस तर कान जाईल, मग चष्मा कुठे अडकवशील?" वाक्य अप्पांचं होतं, हेल सुद्धा त्यांचाच. कानामागे गार लोखंड टेकलं, कर्र असा आवाज झाला आणि एक जाडजूड बट खांद्यावरून खाली घसरली.

"दुखलं?"

अडीच महिने लोक शहाणीला हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारत होते, आणि दर वेळी ती विषय बदलत होती.

"नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

"मग आता तुझी पाळी." भिंगरी फळीवर चढली आणि कात्री आईपुढे धरली.

"काका कापतील ना गं. मला नाही येत."

"मला तरी कुठे येत होतं?"

काका बाकड्यावर बसून हसू दाबत सूचना देऊ लागले. आधी पाणी मार. दोन बोटांत धर. ओढू नकोस. बोटाच्या खालून काप, घाई कसली आहे? भिंगरी डोळे घट्ट मिटून पुतळ्यासारखी बसून राहिली. केस खाली पडत गेले तसं आधी कपाळ दिसलं, मग टेंगूळ, मग भुवया. शेवटी तिने डोळे उघडले आणि आरशात पाहिलं.

"वाकडं आलंय."

"हो."

"तुझंही आलंय," भिंगरी समाधानाने म्हणाली.

जमिनीवर दोघींचे केस एकमेकांत मिसळून पडले होते. काकांनी झाडू उचलला तर शहाणीने तो काढून घेतला आणि स्वतः कचरा भरला.

"घरी कोणी विचारलं तर माझं नाव सांग," निघताना काका म्हणाले. "मला सवय आहे."

घरी आजी, म्हणजे शहाणीची आई, मटार सोलत बसली होती. तिने नातीची हनुवटी धरून चेहरा वर केला. "डोळे दिसले हो पोरीचे!" मग तिची नजर लेकीच्या कानाकडे गेली. "आणि हे काय?"

भिंगरीने तोंडावर हात दाबून धरला.

"काका," शहाणी म्हणाली. "नजर फारच अधू झालीय गं त्यांची."

आजीने तिच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि एक शेंग उचलली.

"तुझे अप्पाही हेच सांगायचे," ती म्हणाली. "बस इथे. तो ढीग अजून सोलायचाय."

शहाणी बसली. सोलताना तिचा हात पुन्हा पुन्हा कानामागे जात होता.