लाल रंगाखाली

"दाजी, ताईची शपथ, ही गाडी कधी पडलेली नाही," मेहुणा छातीठोकपणे म्हणाला आणि दाजींनी त्याची जुनी स्पोर्ट बाईक डोळे मिटून घेतली. रविवारी हौसेने काळा रंग मारायचा म्हणून टाकी घासायला बसले, तर लाल रंगाखाली बोटभर पुट्टी! पुढचं कव्हर काढलं, तर चासीवर वेल्डिंगचं ठिगळ. तशीच उघडी गाडी ढकलत ते कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले.

"कुठल्या हरामखोराचं काम हे?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "माझंच. अपघातच तसा झाला होता. विकताना गिऱ्हाइकाला सांगा, असं मी बजावलं होतं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, घरचंच गिऱ्हाईक आहे, ते कशाला खोलून बघतंय!"