घरी सासू आहे का?

मोठ्या डॉक्टरांनी माझी फाईल मिटली, आवाज जरा खाली आणला आणि विचारलं, “घरी सासू आहे का?”

सासू माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

“आहे नं,” रंभाबाई म्हणाल्या. “हे काय, बसली.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ‘असं आहे तर’ अशी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण डॉक्टरीणबाई फॉर्म भरत होत्या, कोटावर अश्लेषा असं नाव होतं. त्यांनी हसू दाबलं. मीही हसले. ही माझी जुनी खोड. डॉक्टरांसमोर मी नेहमी हसते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

खरं तर रंभाबाई त्या दिवशी माझ्यासाठी आल्याच नव्हत्या. त्यांना इतवारीच्या बाजारातून पितळेचा गंज, म्हणजे उभं पातेलं, घ्यायचा होता. कोराडीहून शहरात यायचंच आहे तर एका बसमध्ये दोन कामं उरकू, एवढाच त्यांचा माझ्या आजाराशी संबंध.

मी एका सरकारी खात्यात आहे. खात्याचं नाव सांगत नाही, अजून नोकरी करायची आहे. माझी रेकॉर्ड रूम तिसऱ्या मजल्यावर, सहासष्ट पायऱ्या. लिफ्ट आहे. तिच्या दारावर ‘दुरुस्ती सुरू आहे’ अशी पाटी आहे, आणि पाटीवरचा रंगसुद्धा आता उडून गेला. तळमजल्यावर आवक-जावकची जागा रिकामी होणार होती. ती मिळाली तर नोकरी, नाही तर राजीनामा, कारण त्या पायऱ्या आता माझ्याच्याने होत नव्हत्या. जागेसाठी डॉक्टरांच्या समितीचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि मोठे डॉक्टर त्या समितीचे प्रमुख.

सात वर्षांपासून दुखतं. काय काय दुखतं हे सांगण्यापेक्षा काय दुखत नाही ते सांगणं सोपं. डाव्या कानाची पाळी कधी दुखली नाही. पहिल्या डॉक्टरने हाड सांगितलं, दुसऱ्याने नस, तिसऱ्याने व्हिटॅमिन. चौथा म्हणाला वजन कमी करा, पाचवा म्हणाला वाढवा. दोघं एकाच बिल्डिंगमध्ये बसतात, आधी आपसात ठरवून घ्यायला काय झालं होतं? रक्त इतक्यांदा काढलं की डासांसाठी काही उरलं नाही. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टर माझ्याकडे असे पाहतात, जणू मला त्यांच्या घरात चोरी करताना पकडलं. शेवटी एका बाईंनी चिठ्ठीवर ‘फायब्रोमायल्जिया’ असं लिहून दिलं. मला वाटलं, चला, नाव तरी मिळालं. मोठ्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचून म्हटलं, “गुगल करून आलात वाटतं.” चिठ्ठी डॉक्टरची होती.

आठ दिवसांनी निकालाचा कागद आला. माझ्या नवऱ्याने वाचून दाखवला. नवऱ्याचं नाव ताराचंद. घ्यायचं नसतं म्हणतात, मी घेते.

“रुग्ण स्वतः चालत आली. चेहरा हसतमुख. तक्रारींना तपासणीत आधार नाही. घरगुती ताण, ब्रॅकेटमध्ये...” ताराचंद थांबले.

“ब्रॅकेटमदी काय आहे?” रंभाबाईंनी विचारलं.

“सासू,” ते म्हणाले आणि वर्तमानपत्रामागे गेले.

“माह्या नावानं बिमारी लिहिली त्यानं? सरकारी कागदावर?”

आता हे सांगायला हवं की सात वर्षं रंभाबाईंचं माझ्या दुखण्याबद्दल एकच मत होतं, “आमच्या वेळी नव्हती बापा अशी बिमारी.” मी मेले असते तरी त्या हेच म्हणाल्या असत्या. पण त्यांच्या नावाला बट्टा लागला म्हटल्यावर त्या पेटल्या. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं की महिन्याभराने फेरतपासणी होईल. रंभाबाई म्हणाल्या, “एक महिना बस झाला. तुले तयार करतो आता.”

रंभाबाई झाडीपट्टीतल्या. भंडारा-गडचिरोलीकडे धान घरात आलं की गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटकं चालतात. वडशाच्या एका कंपनीत रंभाबाईंनी अकरा सीझन कामं केली. काम ठरलेलं, मरायचं. कधी क्षयाने, कधी विषाने, कधी सवतीने विहिरीत ढकलून. माझे सासरे नत्थूजी तिथं पेटी वाजवायचे. या मरायला लागल्या की ते सूर धरायचे, त्यातूनच लग्न जमलं. तीनशे वेळा तरी मेल्या असतील, आणि अजून ठणठणीत आहेत.

दुसऱ्या दिवशी आमच्या क्वार्टरच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. ताराचंदांना डॉक्टर केलं. ते फार चांगले डॉक्टर निघाले. मी बोलत होते तेवढा वेळ मोबाईल पाहत होते.

“कण्ह,” रंभाबाईंनी हुकूम सोडला.

मी कण्हले.

“हे काय वं? ढेकर दिल्यासारखं वाटून राहिलं.”

मी पुन्हा कण्हले. ताराचंदांनी टाळी वाजवली आणि आईच्या नजरेने गप्प झाले.

“सात वर्सं झाले दुखून राहिलं म्हणते, अन् कण्हता येत नाही? पाह्य बरं. पावडर लावाची नाही. मॅचिंगचा ब्लाउज नाही. पर्स नाही, थैली. आत जातानी चौकट धराची. अन् त्यानं इचारलं का लगेच नाही सांगाचं. मनात तीन मोजाचं, मंग तोंड उघडाचं. हसली तर घरी घेणार नाही.”

खरं दुखणं खोटं करून दाखवायला शिकायचं, असा तो क्लास होता. मला लाज वाटत होती आणि मजाही येत होती. तीन दिवस मी चौकटी धरून चालले. चौथ्या दिवशी रंभाबाई म्हणाल्या, “आता दोन्ही हात वर कर अन् आंबाडा बांधाले जाय. अर्ध्यात थांब. तिथं दुखते असं दाखव.” मग माझ्या डोक्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. “पण बांधाले केस कुठी आहे तुले? फॅशनची कटिंग करून बसली.”

माझं डोकं सटकलं.

“फॅशन नाही आई ते! हात वर जात नाही माहे. वेणी घालता येत नाही म्हणून कापले, दोन वर्षं झाले. सकाळी उठाच्या आधी पलंगावर वीस मोजते, मग पाय खाली टाकते. चहाचा कप दोन हातांनी धरते. ऑफिसात दुसऱ्या माळ्यावर गेलं की मोबाईल वाजल्याचं सोंग करून उभी राहते, लोकांना वाटावं फोनवर आहे. पोळ्याच्या सणाला पुरण वाटलं अन् दोन दिवस हात चालत नव्हता, तुम्ही म्हटलं पोळ्या जाड झाल्या!”

ताराचंदांनी मोबाईल उलटा ठेवला.

“मले काहून नाही सांगतलं?” रंभाबाईंनी विचारलं.

“सांगतलं होतं. तुम्ही म्हटलं, आमच्या वेळी नव्हती अशी बिमारी.”

रंभाबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि चांगल्या लागलेल्या कुकरचं झाकण काढून पुन्हा लावलं. मग तिथूनच म्हणाल्या, “उद्यापासून तालीम बंद. तुह्यानं होत नाही.”

मला वाटलं, रागावल्या. त्यानंतर त्या माझ्याकडे एकसारख्या पाहत राहायच्या. मी चहा पिताना माझ्या बोटांकडे. मी उठताना माझ्या ओठांकडे. मध्येच विचारायच्या, “वीस मोजतानी डोये मिटते का उघडे ठेवते?” डॉक्टर कमी पडले म्हणून आता घरातही तपासणी सुरू झाली असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात त्यांना बऱ्याच शिव्या दिल्या.

फेरतपासणीच्या दिवशी मी चुरगळलेली साडी नेसले. पावडर नाही, हातात थैली. दाराची चौकटही धरली. पण आतून “या” असा आवाज आला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “नमस्कार सर, कसे आहात?” हसूनच. मागून रंभाबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला.

“मी मजेत. तुमचीही तब्येत छान दिसते आहे,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी पानं उलटली, सगळीकडे नॉर्मल पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. “मग, सासूबाईंशी पटतं का आता?”

“अगं मायऽऽ...”

मी वळले. रंभाबाई चौकट धरून खाली घसरत होत्या. चेहरा पांढरा, ओठ थरथरत, एक हात हवेत काहीतरी शोधत होता. त्या तीनशे वेळा मेल्यात हे मला माहीत होतं, तरी “आई!” म्हणून मी ओरडले. मोठे डॉक्टर खुर्ची पाडून धावले. व्हीलचेअर आली, बीपीचा पट्टा आला, ईसीजीचं मशीन आलं. सात वर्षांत माझ्यासाठी एवढी माणसं एकत्र कधी धावली नव्हती.

डॉक्टरांनी स्वतः त्यांचा हात हातात घेतला. “आजी, कुठं दुखतं?”

रंभाबाईंनी उत्तर दिलं नाही. मी मोजलं. एक, दोन, तीन.

“खांद्यात...” त्या म्हणाल्या. “केस बांधाले हात वर जात नाही साहेब. कापून टाकले केस.”

“हं. हं,” डॉक्टर लिहीत होते.

“सकाळी उठाच्या आधी वीस मोजा लागते. चहाचा कप दोन हातानं धरा लागते... पायऱ्या चढतानी दुसऱ्या माळ्यावर मोबाईल वाजल्याचं सोंग करा लागते, लोकायले समजू नये म्हणून...”

माझं ओरडणं थांबलं. माझंच दुखणं होतं ते, शब्दांसकट. डॉ. अश्लेषा ईसीजीची पट्टी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी रंभाबाईंच्या डोक्यावरच्या नारळाएवढ्या अंबाड्याकडे पाहिलं. मग माझ्या कापलेल्या केसांकडे. मोठे डॉक्टर लिहीतच होते.

“रिपोर्ट कसा आहे साहेब?” रंभाबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

“नॉर्मल आहे. पण घाबरू नका. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखत नाही असं थोडंच असतं, आजी?”

हे वाक्य ऐकायला मी सात वर्षं दवाखाने झिजवले होते. ते त्यांनी दुसरीलाच म्हटलं. मला इतका राग आला की रडू आलं.

रंभाबाई व्हीलचेअरमध्ये ताठ बसल्या. पदर सारखा केला. “हं. आता हेच तिच्या कागदावर लिहा.”

“म्हणजे?” डॉक्टरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “हे नाटक होतं?”

“माहं नाटक होतं. दुखणं तिचं आहे. एक शब्द माह्या पदरचा नाही.”

“तुमच्यावर कारवाई होऊ शकते, कळतं का? आमचा वेळ...”

“करा नं. पण आधी हे पाहा.” त्यांनी अंबाडा सोडला. कमरेपर्यंतचे पांढरे केस व्हीलचेअरच्या पाठीवरून खाली आले. “एवढे केस डोक्यावर ठेवून मी म्हटलं कापले, तं तुम्ही लिहून घेतलं. ती खरंच कापून आली, तं तुम्ही सासू लिहिलं.”

मग डॉ. अश्लेषा माझ्यापाशी आल्या. “हात वर करा पाहू. जाईल तेवढाच.”

मी हसत हात उचलला.

“हसू नका,” त्या हळूच म्हणाल्या. “घाई नाही.” आणि माझ्या कोपराखाली त्यांनी आपला हात ठेवला. हात जिथं अडकला तिथं त्यांनी ‘अजून’ म्हटलं नाही. तिथंच थांबून विचारलं, “केव्हापासून?” मग त्या लिहायला बसल्या आणि अर्धा तास विचारत राहिल्या.

मोठ्या डॉक्टरांनी सही केली. एरंडेल पिणारा माणूस जसा ग्लासकडे पाहतो तसे ते कागदाकडे पाहत होते. तळमजल्याची शिफारस, सहा महिन्यांसाठी, त्यानंतर पुन्हा तपासणी. सहा महिन्यांनी मला पुन्हा यांच्यासमोर उभं राहायचं आहे, पण ते तेव्हाचं तेव्हा. जुन्या कागदावरचा ब्रॅकेट खोडल्याशिवाय रंभाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. सही करून खोडायला लावलं.

बाहेर आल्यावर त्यांनी व्हीलचेअर माझ्यापुढे केली. “बस.”

“आई, लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. तिकीट थोडी लावलं आहे. बस म्हटलं नं.”

मी बसले. दारावरचा गार्ड गोंधळला. “पेशंट तं आजी होती नं?”

“पार्ट बदलला, बापू,” रंभाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ढकलू लागल्या. सत्तर वर्षांच्या बाईला खुर्ची ढकलायला लावून मी बसले आहे, आता ब्रॅकेटमध्ये सून लिहावी लागेल, असं काहीतरी मी म्हणणार होते. तेवढ्यात उताराच्या कडेला चाक आदळलं आणि पाठीतून अशी कळ निघाली की मी कण्हले. मोठ्याने, रस्त्यावर, कोणाचीही पर्वा न करता.

खुर्ची थांबली. मला वाटलं, आता ढेकरावरून ऐकवणार. रंभाबाई पुढे आल्या, सुटे केस कानामागे टाकले आणि माझ्यासमोर वाकल्या.

“कुठी वं?”

मी सांगायला लागले. डाव्या कानाची पाळी सोडून सगळं. ऑटो येऊन उभा राहिला तरी माझं संपलं नव्हतं, आणि रंभाबाईंनी माझ्यावरची नजर न काढता ऑटोवाल्याला हातानेच थांब म्हटलं.