पेट्रोल कुठं मुरतं?

नवऱ्याच्या पायाला प्लास्टर चढलं आणि गाडीची किल्ली ग्रंथपालबाईंच्या हातात आली. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानातल्या स्टुलावरून घसरला आणि घोटा मोडून बसला. एरवी सकाळी तो बायकोला ग्रंथालयापाशी सोडायचा, दोन गल्ल्या पुढं जाऊन दुकान उघडायचा आणि संध्याकाळी दोघं बरोबर परतायची. आता बाई एकट्याच जात-येत होत्या. कधी गिऱ्हाइकाकडं जावं लागलं तर असावीत म्हणून नवऱ्यानं डिकीत लोखंडी वजनं ठेवली होती. ती वळणावर खडखडायची, म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी ती जिन्याखाली टाकली. एक चाक बसल्यासारखं वाटलं, तर चारही चाकांत हवा भरून घेतली.

नवव्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "पेट्रोल भरलंस ना?"

"अजून पाव टाकी आहे."

"काटा अडकला असेल. आठ दिवसांत संपतं ते."

काटा अडकला नव्हता. टाकी अकरा दिवस पुरली. पुढचीही अकरा.

बाई गोंधळल्या. तीच गाडी, तोच रस्ता. मग इतके दिवस जास्तीचं पेट्रोल जात कुठं होतं? कुठंतरी पाणी मुरतंय असं म्हणतात. पेट्रोल कुठं मुरणार? आणि मग त्यांना बेकरीवाली आठवली. हसरी बाई. राहायची गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिचा वजनकाटा महिन्यातून दोनदा बिघडायचा. दुपारी नवरा दुकानातच असतो हे कुणी पाहिलं होतं?

ग्रंथालयात त्या पुस्तकांवर चुकीच्या तारखांचे शिक्के मारायला लागल्या. घरी यावं, तर नवरा पाय उशीवर ठेवून निवांत वाटाणे सोलत बसलेला. त्याच्याकडं बघून संशय घ्यावा तर हसू यायचं. न घ्यावा तर टाकी आठवायची.

शेवटी त्या गॅरेजात गेल्या.

"गाडी पेट्रोल कमी खातेय," त्या म्हणाल्या.

मेकॅनिकनं हात पुसले. "बाई, तीस वर्षं झाली या धंद्यात. ही तक्रार पहिल्यांदा ऐकतोय."

बाईंनी अडखळत विचारलं, आधी गाडी जास्त फिरत होती का? त्यानं वही काढली, मागच्या दोन सर्व्हिसिंगचे किलोमीटर दाखवले. घर ते दुकान, दुकान ते घर. त्याहून तसूभर जास्त नाही.

बाईंना हायसं वाटलं, आणि लगेच डोकं पुन्हा फिरलं. "मग पेट्रोल?"

"पेट्रोल पायातून जातं. साहेब चालवतात कसे?"

इतकी वर्षं शेजारी बसून बाईंनी पुस्तकच वाचलं होतं.

प्लास्टर निघालं. पहिल्या दिवशी नवऱ्यानं जिन्याखालची वजनं परत डिकीत टाकून गाडी काढली आणि बाईंनी पुस्तक उघडलं नाही. सिग्नल लांबून लाल दिसत होता, तरी नवऱ्यानं जोर दिला आणि जवळ जाऊन कचकन ब्रेक मारला. हिरवा पडताच बाण सुटावा तसा सुटला. पुढच्या चौकात पुन्हा तेच. ग्रंथालयापाशी थांबला, तो इंजिन चालूच ठेवून दुकानाच्या कुलपाची गोष्ट सांगत बसला.

"इथंच जातं!" बाई ओरडल्या. "आणि मी म्हणत होते बेकरीवालीकडं जातं!"

नवरा आधी हसला. मग हसू मावळलं. "म्हणजे तुला वाटलं, मी...?"

"मला काय वाटलं ते मलाच कळत नव्हतं हो."

त्यानं किल्लीला हात घातला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "ती काटा भट्टीला लावून ठेवते. बिघडणारच." आणि इंजिन बंद केलं.

त्या दिवसापासून तो लांबूनच लाल दिवा बघून पाय उचलू लागला. मागचे हॉर्न वाजवायचे, तो दचकायचा, बाईंना विचारायचा, "आता दाबू का?" बायकोचे अकरा दिवस गाठायचेच, असा हट्ट धरून बसला. दहाव्या दिवशी भर चौकात गाडी आचका देऊन थांबली. टाकी ठणठणीत कोरडी.

दोघं उतरली आणि गाडी कडेला ढकलू लागली. डिकीत वजनं खडखडली.

"तुला कसं गं पुरलं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"काय माहीत," बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, तेही धड कळत नव्हतं. "तुम्ही ढकला आधी."