पाच चौकटी

मित्रांनो, मान जरा वर करा. दवाखान्याच्या भिंतीवर, घड्याळाशेजारी टांगलेला जुना फलक तो मीच. कोपऱ्यातले दोन दिवे मेलेत माझे, पण अजून चालतो. चालतो म्हणजे काय, एकच दिवस आठवत बसतो.

माझ्याआधी सिस्टर दारात उभी राहून नावं पुकारायची. दुपारपर्यंत घसा बसायचा बिचारीचा. मी आलो आणि बोलायचं कामच उरलं नाही. नाव माझ्यावर उमटायचं, माणूस उठायचा, आत जायचा. "मोठा गुणी फलक आहे," असं सिस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसायचो.

पण नाव मोठं, लक्षण खोटं, अशी माझी गत होती. माझ्या पोटात दोनच लिप्यांची अक्षरं भरलेली होती. पुढे नोंदणीच्या खिडकीवर नवा संगणक आला. तो ज्याचं नाव त्याच्या लिपीत पाठवू लागला. नदीपलीकडच्या वस्तीतल्या लोकांची लिपी तिसरीच. त्यांचं नाव आलं की मी पोट चाचपायचो, काही सापडायचं नाही, मग प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामी चौकट काढून मोकळा व्हायचो. तक्रार कुणी केली नाही. ती माणसं चौकटी मोजायला शिकली. "माझ्या तीन," "माझ्या सहा," असं सांगून आपसात हसायची. सिस्टर त्यांना चौकटीवाले म्हणायची. मलाही गंमत वाटायची. त्याची आता लाज वाटते.

त्यांच्यातल्याच एक आजी होत्या. त्यांच्या पाच चौकटी. गुडघे दुखायचे, म्हणून आजोबा त्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवायचे. त्या दिवशी मात्र दुखणं छातीचं होतं. माझ्यावर पाच चौकटी उमटल्या. आजी खुर्चीचे हात धरून उठू लागल्या, तेवढ्यात पलीकडून एक तरुण बाई उठली आणि झपझप आत गेली. तिच्याही पाचच होत्या. आजी पुन्हा बसल्या. "तिचा नंबर असेल. आपलाही येईल," असं आजोबांना म्हणाल्या.

नंबर आजींचाच होता. आत त्या बाईला तपासलं, तिच्या नावावर खूण केली. आजींच्या नावापुढे 'बोलावले, आल्या नाहीत' अशी नोंद आपोआप पडली. पाच चौकटी परत उमटल्याच नाहीत. दुपार टळली. आजींची मान कलली, आजोबांना वाटलं डोळा लागला. सिस्टर धावत आली तेव्हा उशीर झाला होता. मी त्या वेळी काय दाखवत होतो, ठाऊक आहे? 'कृपया आपल्या नावाची वाट पाहा.'

तेव्हापासून त्या पाच चौकटी माझ्या मानगुटीवर बसल्या आहेत. यादी संपते, मला बंद करतात, तरी काळ्या काचेत त्या मला दिसतात. कुणी पाठवलेल्या नसतात. आणि आजोबा दर सोमवारी येतात. आजार नाही, नोंदणी नाही. त्या खुर्चीशेजारी बसतात आणि माझ्याकडे बघत राहतात. माझा जीव अर्धा होतो.

गेल्या सोमवारी इंजिनिअरताई शिडी लावून चढली. तिनं मला उघडलं आणि नवी अक्षरं भरली. आता म्हणे जगातल्या झाडून सगळ्या लिप्या माझ्या पोटात आहेत. तपासायला तिला तिसऱ्या लिपीतलं काहीतरी हवं होतं. "आजोबा, तुमच्या लिपीत एखादा शब्द लिहून देता?" तिनं विचारलं. आजोबांनी तिच्या संगणकावर एकेक कळ शोधत पाच अक्षरं दाबली.

मी सवयीनं पोट चाचपलं. या वेळी अक्षरं होती, सगळ्या वळणांसकट होती. ती एकेक करून लावली आणि आजींचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. इतकी वर्षं मला ते माहीतच नव्हतं.

"छान दिसतंय. पुसते आता," ताई म्हणाली.

"राहू दे जरा, पोरी," आजोबा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले. "गुडघे दुखतात तिचे. उठायला वेळ लागतो."

ताईनं हात मागे घेतला.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणी असे फलक बनवेल. तेव्हा आधी सगळ्यांची अक्षरं भरा, मग भिंतीवर टांगा. आणि नाव उमटलं की लगेच पुसू नका, कुणी हळू उठणारं असतं. मी ते नाव संध्याकाळी दार लागेपर्यंत धरून ठेवलं होतं.